वाचकांचे प्रश्न : पालकांना भाषण नको, काम द्या

मूल्यशिक्षणाचा तास वेळापत्रकात असतो, पण त्या तासात पालक कुठेच नसतात, असं मी मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेते आहे. माणसांची आणि शाळांची नावं गाळली आहेत. पत्रं नाशिकमधली आणि आसपासची आहेत, त्यामुळे उत्तरंही इथल्या वस्त्या, इथल्या शिफ्टा आणि इथले हंगाम डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

प्रश्न : बाई, सा. न. मी तुमचीच विद्यार्थिनी. सध्या सातपूरच्या एका अनुदानित शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे. आमचे बहुतेक पालक कारखान्यांत कंत्राटी कामाला आहेत. पालकसभेला निम्मेही येत नाहीत. येतात त्या आया, त्याही सही करून निघायच्या घाईत. या वर्षी शाळेने ‘संस्कार आणि पालक’ असं व्याख्यान ठेवलं, तर पुढच्या रांगा भरायला नववीची मुलं आणून बसवावी लागली. मुलांच्या जडणघडणीत या पालकांना आणायचं तरी कसं?

उत्तर : तुझं पत्र वाचून आनंद झाला, आणि रिकाम्या रांगांचं तू मोकळेपणाने लिहिलंस याचा जास्त झाला. पालकांना आस्था नाही असा निष्कर्ष तू काढला नाहीस, तो काढूही नकोस. कंत्राटी कामगाराने दुपारी दोनच्या सभेला यायचं म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. तेवढं सोसून यायचं आणि आपण पालक म्हणून कुठे कमी पडतो हे ऐकायचं, तर कोण येईल?

सगळ्यात आधी वेळ बदल. फर्स्ट शिफ्टवाला दुपारी सुटतो, तेव्हा सेकंडवाला गेटवर पोचलेला असतो. सुटीचा वारही सगळ्यांचा रविवार नसतो. वर्गाच्या ग्रुपवर तुझ्या आवाजात छोटा निरोप टाक आणि विचार, तुम्हाला कोणता वार, कोणती वेळ जमेल? लिहायला संकोच वाटणारे पालक बोलून उत्तर देतात. त्यावरून दोन गट कर, एक सकाळी शाळा भरण्याआधी, एक संध्याकाळी. मुख्याध्यापकांची परवानगी लागेल. ती मागताना व्याख्यानाच्या दिवशी किती खुर्च्या रिकाम्या होत्या ते सांग.

मग सभेची बैठक बदल. सहावीच्या बाकावर मोठी माणसं मावत नाहीत, सतरंजी घाल. आठ-दहा पालक गोलात बसले की कोणी मागे लपत नाही. आणि पहिलं वाक्य गुणांचं नको. प्रत्येक मुलाबद्दल एक खरी, तू स्वतः पाहिलेली चांगली गोष्ट आधीच वहीत लिहून ठेव. ‘तुमचा मुलगा हुशार आहे’ हे चालणार नाही. ‘मंगळवारी डबा सांडला तेव्हा त्याने न सांगता फडकं आणलं’ असं हवं. ही वही भरायला तुला महिनाभर लागेल, आणि त्या महिन्यात तू वर्गाकडे वेगळ्या नजरेने बघू लागशील. मी मुख्याध्यापक असताना नव्या शिक्षकांकडून ही वही लिहून घ्यायचे. सुरुवातीला कुरकुर व्हायची. ज्या मुलाबद्दल काहीच सुचत नाही त्याचं पान कोरं राहायचं, आणि त्या कोऱ्या पानावरून शिक्षकालाच कळायचं की या मुलाकडे आपलं लक्षच गेलेलं नाही.

तुझं सांगून झालं की त्यांना विचार : ‘तुमच्या घरात कोणती गोष्ट अजिबात खपवून घेत नाही?’ एवढाच प्रश्न, आणि मग गप्प बस. कोणी म्हणेल, अन्न टाकलेलं चालत नाही. कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाला उलटून बोललेलं चालत नाही. कोणी सांगेल, उधारी ठेवलेली चालत नाही. आपल्याकडे मूल्यशिक्षणात दहा मूल्यं सांगितली आहेत : वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. पालकांनी यादी वाचलेली नसेल, पण तिच्यातलं बरंचसं ते घरी पाळत असतात. ते त्यांच्या शब्दांत फळ्यावर लिही आणि त्यातली एकच गोष्ट सहामाहीसाठी सगळ्यांनी मिळून निवडा. घरी पालक काय करतील, वर्गात तू काय करशील, दोन्ही ठरवा. तुझा वाटा लिहायला विसरू नकोस. वेळ पाळणं निवडलं, तर तू तासाला वेळेवर जाशील आणि शाळा सुटण्याची वेळ लांबवणार नाहीस, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे. कागदाखाली पालकांची सही असते तशी तुझीही हवी.

एक उदाहरण देते. माझ्या शाळेत एका वर्गाच्या पालकांनी ‘नियम पाळणं’ निवडलं होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिक पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली, ती तुला आठवत असेल. पंपावर शेजारच्याचं हेल्मेट दोन मिनिटांसाठी मागून पेट्रोल भरणारी माणसं आपण पाहिली, आणि गाडीवर मागे बसलेल्या मुलांनीही पाहिली. एका आईनेच तो विषय सभेत काढला. ठरलं असं, की मुलाला सोडायला येणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असेल आणि मुलाच्याही. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतंच. दुचाकीवरून येणारे शिक्षकही त्यात धरले. ज्यांची मोठी मुलं लायसन्स नसताना क्लासला गाडी नेत होती, त्या पालकांना २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदा वाचून दाखवला : अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सगळ्यांनी पाळलं असं मी म्हणणार नाही. पण मुलं घरातून निघताना हेल्मेट पुढे करू लागली, आणि पालक एकमेकांना शाळेच्या फाटकाशी विचारू लागले. शिक्षकांनी शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते शेजारच्या पालकाने एकदा विचारल्यावर होतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉइस एपस्टाइन यांनी शाळा आणि घर यांच्या नात्यावर दीर्घकाळ काम केलं. पालकांच्या सहभागाचे त्या सहा प्रकार सांगतात : मूल वाढवण्यात पालकांना आधार, शाळा आणि घर यांच्यातला संवाद, शाळेत प्रत्यक्ष मदत, घरचं शिकणं, निर्णयांत वाटा आणि आसपासच्या समाजाशी नातं. आपल्या बहुतेक शाळा पहिल्या दोनांवरच थांबतात, आणि त्यातही शाळा बोलते, पालक ऐकतात. तू तिसऱ्यापासून सुरू कर. तुझ्या पालकांत फिटर असतील, वेल्डर असतील. वर्गातले डुगडुगणारे बाक त्यांनी मुलांना हाताशी घेऊन नीट करावेत, अर्धा दिवस. जे वडील व्याख्यानाला येत नाहीत ते पान्हा घेऊन येतील. आपला बाप आपल्या वर्गात, सगळ्यांसमोर काहीतरी उत्तम करतो आहे, हे मुलाने पाहिलं की श्रमप्रतिष्ठेवर वेगळा धडा घ्यावा लागत नाही.

पहिल्या सभेला कमी आले तरी दुसरी घे. आणि जमलं की मला कळव.

प्रश्न : माझी मुलगी गंगापूर रोडवरच्या एका खासगी इंग्रजी शाळेत चौथीत आहे. शाळा दर महिन्याला एक ‘व्हॅल्यू’ देते. कृतज्ञता, मदत, स्वच्छता असं काहीतरी. पालकांनी मुलांना ते करायला लावायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचे. परवा ती आजीच्या पाया पडली, मी फोटो काढला, आणि ती म्हणाली, “आला ना नीट? मग आता झालं.” मला फार खटकलं. शाळेचा हेतू वाईट नाही, पण हे असंच चालू द्यायचं का?

उत्तर : चालू देऊ नका. शाळेचा हेतू चांगला आहे हे मलाही मान्य आहे, आणि म्हणूनच शाळेशी बोलणं सोपं जाईल.

फोटोने नेमकं काय होतं ते तुमच्या मुलीने एका वाक्यात सांगून टाकलं आहे. आजी नुसती फोटोपुरती उरली, आणि चांगलं वागणं म्हणजे कोणालातरी दाखवायची वस्तू झाली. उद्या कोणी बघत नसताना ही मुलगी मदत कशासाठी करेल? शिवाय ग्रुपवर पन्नास फोटो आले की पालकांत स्पर्धा लागते. ज्या घरात आई-बाबा रात्री नऊला पोचतात, ते मूल उगीच मागे पडतं.

घरापुरतं आजच बदलता येईल. मुलीला सांगा, आपण काम करू, फोटो पाठवणार नाही. आणि तिला एक काम कायमचं द्या, महिन्यापुरतं नाही. ते खरं काम हवं, तिने केलं नाही तर घराचं अडलं पाहिजे. रात्री सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणं, दोरीवरचे कपडे घड्या करून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं, आजीच्या गोळ्यांची वेळ सांभाळणं. एखाद्या दिवशी तिने बाटल्या भरल्या नाहीत तर तुम्ही गुपचूप भरून देऊ नका. सकाळी सगळ्यांची धावपळ होऊ द्या. बाबांनाही असंच एक काम असू द्या, नाहीतर ती हे मुलींचं काम म्हणून शिकेल.

शाळेसाठी पर्याय घेऊन जा, नुसती तक्रार नको. मी असं सुचवेन : फोटो बंद. दर महिन्याला पालकांनी दोन-तीन ओळी लिहून द्यायच्या, की या महिन्यात मुलात काय पाहिलं. चांगलं असेल ते, अवघड गेलं असेल तेही. गुण नाहीत, स्टार नाहीत, ग्रुपवर काही टाकायचं नाही. कागद थेट वर्गशिक्षिकेकडे जाईल आणि त्याच कागदावर त्याही दोन ओळी लिहून परत पाठवतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात मुलाचं स्वतःबद्दलचं मत आणि सोबत्यांचं मतही येतं, आणि हे पत्रक घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा असावं असं म्हटलं आहे. तुमच्या दोन ओळी त्यात सहज बसतील. दर महिन्याला नवं मूल्य, हेही थांबवायला सांगा. तीस दिवसांत कृतज्ञता संपवून एक तारखेला स्वच्छता सुरू, असं मुलं शिकत नाहीत.

हे कुठे मांडायचं? खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने त्याची कार्यकारी समितीही सांगितली आहे आणि तिच्यातले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. या समितीकडे आपण फक्त फीसाठी बघतो. मुलांच्या वागण्याबद्दल शाळा घराकडून काय मागते, हा विषयही तिथे यायला हवा. आधी तुमच्यासारखं वाटणाऱ्या चार-पाच पालकांशी बोला. निघतील, मला खात्री आहे.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो. मुलगा नववीत. घटक चाचणीत त्याच्याकडे चिठ्ठी सापडली. मला कामावरून बोलावून घेतलं आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सुनावलं, “घरचे संस्कार कमी पडतात.” मुलगा खाली मान घालून उभा होता. चूक त्याची आहे, मी लपवत नाही. पण शाळेने पालकाला हे सांगायची दुसरी काही रीत आहे की नाही?

उत्तर : आहे, आणि ती प्रत्येक शाळेने लिहून ठेवायला हवी.

‘घरचे संस्कार कमी पडतात’ या वाक्याने दोन गोष्टी होतात. पालक शाळेपासून तुटतो आणि मूल सुटतं, कारण आता भांडण दोन मोठ्या माणसांचं झालेलं असतं. शिवाय ते वाक्य फारसं खरंही नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांना नकळत फसवणुकीची संधी देऊन पाहिली : परीक्षेत, खेळात, घरी करायच्या कामात. प्रामाणिक मुलं एकीकडे आणि लबाड मुलं दुसरीकडे अशी सरळ वाटणी त्यांना सापडली नाही. एकच मूल एका ठिकाणी प्रामाणिक वागलं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. परिस्थिती, धोका, सोबतची मुलं काय करतात, वर्गातलं वातावरण कसं आहे, यावर बरंच अवलंबून होतं. प्रामाणिकपणावर नुसती व्याख्यानं ऐकवून मुलांच्या वागण्यात मोठा फरक पडतो, असंही त्यांना दिसलं नाही. म्हणजे चिठ्ठी सापडली की घराने विचारायचं, याला एवढी भीती कशाची वाटली? आणि शाळेने विचारायचं, आमच्या वर्गात चिठ्ठी नेणं इतकं सोपं आणि इतकं गरजेचं का झालं?

रीत अशी असावी. फोन वर्गशिक्षकांनी करावा, कारकुनाने नाही, आणि काय झालं ते फोनवरच थोडक्यात सांगावं, म्हणजे माणूस रस्ताभर नको ते विचार करत येत नाही. बसायला स्वतंत्र खोली. वर्गशिक्षक, पालक आणि मूल, तिघंच. आधी मुलाने बोलायचं. पुरतं बोलून होईपर्यंत मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही. मग शाळेने आपली बाजू सांगायची आणि शेवटी तिघांनी मिळून ठरवायचं, की आता भरपाई कशी होणार. त्या पेपरचे गुण जाणार हे उघड आहे. पण मुलाने तो धडा शिकून दुसरा पेपर द्यावा, शिक्षकाने त्यासाठी दोन दिवस मदत करावी, आणि घरी पालकाने या काळात गुणांचा विषय काढू नये, अशी प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी जबाबदारी आली पाहिजे. महिन्याने तिघांनी पुन्हा दहा मिनिटं बसायचं. ही दुसरी भेट शाळा हमखास विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या भेटीत मूल घाबरलेलं असतं, खरं ते दुसऱ्या भेटीत बोलतं.

आणखी एक, तुमच्यासाठी. आज मुलगा झोपण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “किती गुण मिळाले नसते तर घरी येताना तुला भीती वाटली असती?” तो जो आकडा सांगेल तो ऐकून घ्या. वाद घालू नका, समजावू नका. तुमच्या घरात गुणांबद्दल काय बोललं जातं ते त्या आकड्यात असेल.

तुम्हाला ज्या पद्धतीने बोललं गेलं त्याबद्दल मुख्याध्यापकांना शांतपणे लेखी कळवा. पत्रात ही रीतही लिहा. मुलाने चूक केली म्हणून बापाचा मान ठेवायचा नाही, असं कुठेही नसतं.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातला शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठकडून मजूर येतात, त्यांची पोरंही आमच्याच शाळेत बसतात. परवा एक गुरुजी म्हणाले, “ज्यांचे आईबापच अडाणी त्या पोरांना संस्कार कोण देणार?” मी शाळा व्यवस्थापन समितीत नाही. पण हे ऐकून गप्प बसवेना.

उत्तर : दादा, तुम्ही गप्प बसला नाहीत हे फार चांगलं केलंत.

गुरुजींना जाऊन एवढंच विचारा, की या माणसांचं काम त्यांनी जवळून पाहिलं आहे का. गोडी छाटणी झाली की पेस्ट लावणं, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, पुढे काढणी. घडातले मणी एकेक निवडून काढायचे आणि उरलेल्याला नख लागू द्यायचं नाही, हे दिवसभर करणाऱ्या बाईला ‘एकाग्रता’ आणि ‘काळजी’ या विषयांवर कोण शिकवणार? मुकादमाकडून टोळीची मजुरी आली की ती कशी वाटायची, आजारी पडलेल्याचं काय करायचं, लहान मूल कोणी सांभाळायचं, याचे त्यांचे आपसातले नियम असतात. नागलीची भाकरी असो की वाघबारशीचा सण, वाटून घ्यायची रीत असते. तुमच्या लहानपणी गावात इर्जिक होती ना, सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या शेतात राबायची? त्यातलं जे आपण मोडीत काढलं, ते या लोकांकडे अजून बरंच शिल्लक आहे.

आता शाळेने करायचं काय ते. शिक्षणहक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. हंगामी पालक वर्षभर राहत नाहीत म्हणून त्यांना सदस्य करणं अवघड जाईल, पण हंगामात बैठकीला बोलावून त्यांचं म्हणणं ऐकायला कोणी अडवलेलं नाही. बैठक दुपारी शाळेत ठेवू नका. टोळी संध्याकाळी जिथे उतरते, त्या शेडजवळ घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात हेच केलं. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळा घरांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तुमच्या गुरुजींना तर फक्त बांधापर्यंत जायचं आहे.

तिथे जाऊन मुलांच्या तक्रारी सांगू नयेत. विचारावं, की तुमच्या मुलाला कोणतं काम छान येतं, तुमच्याकडे मुलांना कोणती गोष्ट सांगतात. मग एखाद्या आईला, हंगामातल्या एखाद्या मोकळ्या सकाळी, वर्गात बोलवावं. तिने तिच्या बोलीत गोष्ट सांगावी आणि तिच्याच मुलाने ती सगळ्यांना मराठीत समजावून द्यावी. ज्या मुलाला वर्गात कोणी शेजारी बसू देत नव्हतं, त्याच्याभोवती त्या दिवशी मुलं गोळा होतील. तुमच्या नातवालाही यातून मिळेल ते कुठल्या पुस्तकात नाही.

हंगाम संपून ते परत निघाले की मुलाच्या शिक्षण हमी पत्रकासोबत, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाचं शिक्षण पुढच्या शाळेत चालू राहावं म्हणून शाळा देते त्या कागदासोबत, त्यांच्या गावच्या शिक्षकांसाठी दोन ओळींची चिठ्ठी जाऊ द्या : हा इथे कसा वागला, कोणाला मदत केली. आणि दादा, तुमच्या बागेत काम करणाऱ्या टोळीतली मुलं सकाळी शाळेत पोचतात की नाही, हे तुम्ही रोज बघा. बागाईतदाराने मुकादमाला सांगितलं की मुलं शाळेत जातात. हे शाळेला जमणार नाही, तुम्हाला जमेल.

प्रश्न : मी आठवीत आहे. आम्हाला सरांनी एक वही करायला सांगितली आहे, ‘माझ्या घरातील प्रामाणिकपणा’. घरात कोण खरं वागलं, कोण खोटं वागलं ते प्रसंग लिहायचे. आम्ही एसटीने मामाकडे येवल्याला जातो तेव्हा आईला महिला म्हणून अर्धं तिकीट असतं, आणि माझं वय ती कंडक्टरला बारा सांगते म्हणजे माझंही अर्धंच. मी तेरा वर्षांचा आहे. हे वहीत लिहू का? लिहिलं तर आईला वाईट वाटेल. नाही लिहिलं तर मी खोटा.

उत्तर : बाळा, वहीत लिहू नकोस. आणि न लिहिल्याने तू खोटा ठरत नाहीस. घरातली एखादी गोष्ट चारचौघांत न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्या वहीत तू स्वतःबद्दल लिही : तू कुठे खरं बोललास, कुठे बोलायला जड गेलं.

पण तुला जे खुपतं आहे ते बरोबर आहे. एसटीत अर्धं तिकीट पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असतं, तुझं आता पूर्ण लागतं. हे आईशी बोल, फक्त गाडीत नको. कंडक्टरसमोर तू वय सांगून टाकलंस तर आईचा अपमान होईल आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. निघायच्या दोन-तीन दिवस आधी, ती निवांत असताना सांग, “आई, माझं पूर्ण तिकीट काढशील का? तू बारा सांगतेस तेव्हा मला कसंतरी होतं.” कदाचित ती म्हणेल, पैसे पुरवून पुरवून वापरावे लागतात रे. तेही खरं असेल. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं मिळतं म्हणून मामाकडे जाणं तिला परवडू लागलं असेल. तसं असेल तर वरचे पैसे कुठून आणायचे याचा विचार दोघं मिळून करा. एखादी फेरी कमी करता येईल, खाऊचे पैसे बाजूला ठेवता येतील. आणि एवढं करूनही ती नाही म्हणाली, तर तो निर्णय तिचा आहे, त्याचं ओझं तू घेऊ नकोस. पुढच्या वेळी पुन्हा विचार.

हा अंक सरांना दाखवायचा की नाही ते तू ठरव. दाखवलास तर त्यांना माझा निरोप सांग. सर, मुलांना घरावर पाळत ठेवायला लावू नका. ज्या पालकांना आपल्याला सोबत घ्यायचं आहे, त्यांच्याविरुद्ध त्यांच्याच लेकराची साक्ष काढली तर ते शाळेकडे पुन्हा फिरकणार नाहीत. वहीचं नाव बदला, ‘मला खरं बोलणं कधी अवघड गेलं’ असं करा. पहिलं पान तुम्ही स्वतःबद्दल लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. मग मुलांना लिहू द्या. आणि वही घरी नेऊन एक पान आई-बाबांनी भरायचं, त्यांची इच्छा असेल तरच, आणि ते पान तुम्ही वाचायचं नाही.